मागच्या खोलीचा ठोका

रविवार, ४ मे १९४१. वेर्बीव्का छावणी.

देवाच्या कृपेने सुखरूप पोचले. खारकिवहून निघताना आईने धास्ती घातली होती की सरहद्दीवरचे गाव, तिथे चुलीला लाकूडसुद्धा मिळायचे नाही. इथे तर लाकूड तिकडच्यापेक्षा स्वस्त, आणि खिडकीखाली लायलॅकचे झाड फुलून वाकले आहे. खोली एकच, पण ताजा चुना दिलेली. संत मिकोलाची तसबीर कोपऱ्यात लावून वरून पुसायचे फडके टाकले. छावणीत देवधर्म मना, राजकीय अधिकारी डोकावला तर त्याला फडकेच दिसावे. हिशेबाच्या वहीची मागची पाने कोरी होती, त्यांतच हे लिहिते आहे. नव्या वहीची चैन कशाला?

जेवण झाल्यावर प्रोकिप मला त्याचा रणगाडा दाखवायला घेऊन गेला. इतका मिरवत होता की आमच्या लग्नातही एवढा मिरवला नव्हता. मला वाटले होते, ट्रॅक्टरसारखे काहीतरी असेल. हे तर चालते घर! मधोमध उंच मोठा बुरूज, त्यात जाडी तोफ, आणि त्याच्या चारी कोपऱ्यांना चार लहान बुरूज. कीवच्या संचलनात हाच सगळ्यांत पुढे होता म्हणे. मी विचारले, एका बुरुजातून दुसऱ्यात जायचे कसे? तेव्हा जखार नावाचा गोलंदाज हसून म्हणाला, वहिनी, घर पाच खोल्यांचे, पण मधे दार एकही नाही. ज्याने त्याने आपापल्या छपराच्या झाकणातून उतरायचे, सासूसुनांना फार सोयीचे. मी म्हटले, हे ज्याने आखले त्याने कधी घर चालवलेले दिसत नाही. प्रोकिप पूर्वी हे रणगाडे बनवणाऱ्या कारखान्यातच होता. कानापर्यंत लाल झाला बिचारा.

रविवार, ११ मे

आज सराव होता. बकव्हीटची खिचडी आणि मुळे घेऊन मैदानावर गेले. गाडी निघण्याआधीचा त्यांचा एक रिवाज पाहिला. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही आणि आतला टेलिफोन कायम बिघडलेला. म्हणून लेफ्टनंट तेरेन्ती मोठ्या बुरुजातून हातोडीने भिंतीवर दोन ठोके मारतात, आणि प्रत्येक खोलीने पाळीपाळीने एकेक ठोका परत द्यायचा. शेवटची पाळी मागच्या डाव्या खोलीची. तिचा ठोका आला की प्रोकिप गाडी सोडतो. त्याआधी चाक हलत नाही. इंजिन सुरू करायच्या आधी हे सगळे एकदा करून बघतात, म्हणून मलाही ऐकू आले.

सगळे आत उतरताना मी पाहत होते. मागच्या डाव्या खोलीत कोणी उतरले नव्हते. तरी तिथून ठोका आला. स्वच्छ.

जेवताना जखारला विचारले. म्हणाला, तो नाऊम हो वहिनी. जिवंत होता तेव्हा नेहमी उशिरा यायचा, आता बघा कसा वेळेवर हजर असतो. सगळे हसले. प्रोकिप माझ्याकडे न बघता म्हणाला की आत एखादा पाना सुटा असेल.

रविवार, २५ मे

प्रोकिपकडून शेवटी काढून घेतलेच. गेल्या पानगळीतल्या सरावात मोठा बुरूज बाजूला वळवला होता. तो तसा वळला की त्याचा मागचा फुगवटा बरोबर मागच्या डाव्या खोलीच्या झाकणावर येतो आणि झाकण उघडत नाही. नेमके तेव्हाच फिरवायचे दाते अडकले आणि खाली वायर जळू लागली. आत नाऊम होता, पोल्तावाचा, गाणारा मुलगा. मागच्या खोलीतून ठोके येत होते, म्हणून हे सगळे जिवाच्या आकांताने पण आशेने दाते सोडवत होते. झाकण उघडले, तर त्याचा जीव केव्हाच गेलेला; त्याला उचलून गवतावर ठेवले.  प्रोकिप म्हणाला, तो गवतावर होता मेलानिया, आणि आत ठोके चालूच होते.

त्या जागेवर नवा माणूस टिकत नाही. लेफ्टनंटने कागदावर जागा रिकामी दाखवली आहे. पण गाडीत सगळे त्या शेवटच्या ठोक्याची वाट पाहतात. तो शुभ मानतात. सवय काय, माणसाला कशाचीही लागते.

रविवार, ८ जून. हिरवा रविवार.

दाराला सणाच्या लिंडेनच्या डहाळ्या लावल्या. मृतांच्या नावाने करतात तसे गव्हाचे दाणे मधात शिजवून रणगाड्याच्या छपरीत गेले. गाडीचा गिअरबॉक्स पुन्हा मोडल्याने माणसे सुटे भाग आणायला गेली होती. मागच्या बुरुजाखाली वाटी ठेवून मृतांची प्रार्थना म्हटली. बाप्तिस्मा झालेला जीव असा लोखंडात कोंडून राहू नये.

नाऊमचे नाव घेतले आणि ठोका आला. दुसऱ्यांदा घेतले, पुन्हा आला. माझ्या डोक्याच्या उंचीवर, अगदी जवळ. मी वाटी तिथेच टाकून आले.

संध्याकाळी जखारने वाटी धुऊन आणून दिली. म्हणाला, वहिनी, आमच्या गड्याला फितवू नका हं, तो गेला तर आम्ही निघायचे कोणाच्या इशाऱ्यावर? मला हसता आले नाही.

सोमवार, २३ जून

युद्ध. काल पहाटे विमाने आली. स्टेशन जळले. बायकामुलांना न्यायला यायची होती ती आगगाडी आता येत नाही. प्रोकिप म्हणतो, तुला इथे टाकून जाणार नाही, मागची खोली रिकामी आहे. मी म्हटले, रिकामी कुठे आहे? तो रागावला, मग माझे हात धरून रडला. बोचके बांधले: मीठ, साबण, वाळवलेला पाव, तसबीर.

मंगळवार, २४ जून

खोली म्हणजे पिंप. गुडघे हनुवटीला लागतात. धूळ, पेट्रोल, उकाडा. फटीतून रस्ता दिसतो. आमच्यासारख्याच पाच बुरुजांच्या गाड्या कडेला मरून पडल्या आहेत. शत्रूने मारलेल्या नाहीत, आपल्याच वजनाने मोडलेल्या.

प्रोकिपने बजावले आहे, दोन ठोके ऐकलेस की पाना मारून उत्तर द्यायचे. आज ठोके आले. मी पाना उचलला, पण मारायच्या आधीच ठोका झाला. माझ्या उजव्या खांद्यामागे. तिथे फक्त भिंत आहे.

स्तोत्र म्हणत बसले.

बुधवार, २५ जून

काय झाले ते नीट लिहिते. 

दुपारी थांबलो होतो. इस्पितळाचा ट्रक बायकांना घेऊन पूर्वेला जात होता. प्रोकिपने मला त्याच्याजवळ उभे केले, कपाळाचे चुंबन घेतले, म्हणाला आता मी निर्धास्त लढेन, आणि धावत जाऊन आपल्या जागी बसला. तेवढ्यात आठवले, बोचके आतच राहिले. मिकोलाची तसबीर आत राहिली. मी धावले, वर चढले, आत उतरले. इंजिन चालू, सगळे आपापल्या खोलीत, मला कोणी पाहिले नाही. इंजिनाने हिसका दिला, झाकण पडले. मोठा बुरूज विमानांच्या रोखाने वळला.

झाकण उघडत नाही.

दोन ठोके आले. मी वेड्यासारखी पाना मारत राहिले, किंचाळले. शेवटचा ठोका मिळाला, एवढाच अर्थ त्यांनी घेतला. गाडी निघाली.

त्याच दिवशी, पुढे

लाकडी पूल मोडला. गाडी डावीकडे कलून नाल्यात. माझी फट चिखलात रुतली. वरच्या सांध्यातून उजेडाची एक रेघ येते, तिच्यात लिहिते.

इंजिन बंद आहे. आता आवाज जाईल.

गेला नाही. मी प्रोकिप म्हणून ओरडले की खांद्यामागून ठोके पडतात. माझ्या आवाजाहून मोठे. मी थांबले की तो थांबतो. पुन्हा हाक, पुन्हा ठोके. नाऊम, बाळा, मी तुझ्यासाठी गहू शिजवले रे. मला बोलू दे —

गुरुवार, बहुतेक २६

ओढायला ट्रॅक्टर आला नाही. मोठा बुरूज हलत नाही, दाते गेले. बाहेरचे बोलणे कळते. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून गाडी जाळायचा हुकूम आहे.

जखार छपरावर हात थोपटून म्हणाला, नाऊम, माफ कर भावा, तुला बरोबर नेता येत नाही. पुढे म्हणाला, प्रोकिप, तू नशीबवान, वहिनी तरी ट्रकमधून सुखरूप गेली. प्रोकिप म्हणाला, देवाची कृपा.

तो देवाचे नाव घेत नसे. माझ्यासाठी घेतले.

मी ओरडले. ठोके. ओरडले. ठोके —

नंतर

घसा गेला. नुसती हवा निघते.

आणि आता तो थांबला. पहिल्यांदाच. खांद्यामागे काही नाही. कोणी नाही. जागा मोकळी झाल्यासारखी.

पेट्रोलचा वास. वरून ओतताहेत. झाकणाच्या कडेने आत ठिबकते.

लेफ्टनंट म्हणताहेत, निरोपाचे दोन ठोके देऊ. गाडीच्या रिवाजाप्रमाणे.

ठोकले. दोन.

 सगळे उत्तराच्या ठोक्याची वाट पाहताहेत. पाना माझ्या हातात आहे. मी ठोकले तर त्यांना वाटणार नाऊम. नाही ठोकले तर वाटणार, आत कोणीच नाही. प्रोकिपचे बूट माझ्या डोक्यावर. अगदी वर. देवा, काय मारू म्हणजे त्याला कळेल की ही मी —