तीन महिन्यांचं काम तीन आठवड्यांत

४ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. शुक्राणू कमी, आणि आहेत तेही आळशी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताणामुळे शरीरात ऑक्सिडेशन वाढतं, तेही एक कारण असू शकतं. अँटिऑक्सिडंटची गोळी, रोज एक, तीन महिने. गुण येईलच असं नाही, पण ताण मात्र कमी करा.
मला हसू आलं. टायरच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये मी इतकी वर्षं दुसरं काय करतोय? रबराला तडे जाऊ नयेत म्हणून अँटिऑक्सिडंटच तर घालतो. आणि ताण? मला?
बायकोचं सगळं नॉर्मल आहे. आईला यातलं काही कळता कामा नये, असं तिला बजावलं. उगाच म्हातारीच्या जिवाला घोर.

६ फेब्रुवारी
टायर पाच वर्षं टिकेल का, हे बघायला आम्ही पाच वर्षं थांबत नाही. तुकडा ओव्हनमध्ये तापवतो, थोड्या दिवसांत निकाल. इथेही तेच. रोज एकाऐवजी चार गोळ्या. डॉक्टरीणबाईंना टायरमधलं कळत नाही, त्यांचा काय दोष.

९ फेब्रुवारी, सकाळी
पोट बिघडलं. म्हणजे गोळ्या कामाला लागल्या.
ध्यानाचं ॲप घेतलं. त्यातली बाई फारच सावकाश बोलते. दीडपट वेगानं लावली.

१३ फेब्रुवारी
ध्यान चालू असताना बायकोनं मिक्सर लावला. मी शांतपणे समजावलं. ती म्हणते, इतक्या शांतपणे, की शेजारीण विचारायला आली.

१७ फेब्रुवारी
बायकोला आईचा फोन, स्पीकरवर. पुन्हा तिच्यासाठी कुठल्याशा डॉक्टरचा पत्ता, वर दोन-चार टोमणे. बायको नुसती हो हो म्हणत होती. सोशिक आहे बिचारी. मी मध्ये पडणार होतो, पण डोळे मिटलेले होते.

२६ फेब्रुवारी
हट्टानं पुन्हा तपासणी करून घेतली. आकडे थोडे आणखी घसरले. चार गोळ्यांचं आणि ओव्हनचं ऐकून डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, नवे शुक्राणू तयार व्हायलाच अडीच-तीन महिने लागतात, त्याला ओव्हन चालत नाही. जास्त गोळ्यांनी उलट नुकसानही होतं. घरी कुणाशी मोकळं बोलता का, असंही विचारलं. मी म्हटलं, घरचं वातावरण उत्तम आहे.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी
लवकर घरी आलो. बायको स्वयंपाकघरात आईशी फोनवर बोलत होती.
"दोष माझ्यातच आहे, आई. त्याला काही विचारू नका. त्याला ताण नको, असं डॉक्टरांनी सांगितलंय."
मी दारातच, एक बूट पायात, एक हातात. लाज वाटली. फार लाज वाटली. आवाज न करता परत खाली उतरलो आणि बराच वेळ कोपऱ्यावर उभा राहिलो.

१ मार्च
ठरलं. आईला स्वतः सांगायचं. भाषण पाठ केलं. आईला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि बायकोला शेजारी बसवलं, तिनंही माझा मोठेपणा बघावा म्हणून.
म्हटलं, "आई, तिचं सगळं नॉर्मल आहे. अडचण माझ्यात आहे."
मला वाटलं, आता पोराच्या धीराचं कौतुक होणार.
आई म्हणाली, "मी तिला एवढं बोलत होते, आणि तू ऐकत बसला होतास?"
मी पाठ केलेलं पुढचं वाक्य म्हणायला लागलो. तिनं फोन सुनेला द्यायला सांगितलं. दिला. बायको आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आतून आधी रडणं ऐकू आलं, मग दोघींचं हसणं.
मी अजून बाहेरच आहे.