आईचं बियाणं

सेन्या बेट, २४ ऑगस्ट

प्रिय बोर्गहिल्ड,

अनेक आशीर्वाद. तुझं जूनमधलं पत्र पोचलं, उत्तराला मात्र ऑगस्ट उजाडला. रागावू नकोस. इथला उन्हाळा तुला ठाऊक आहेच, आला आला म्हणेपर्यंत जातो, त्यात यंदा सारखा पाऊस.

बागेचं म्हणशील, तर जून लागला तरी वाफ्यांवर बर्फ होता. गाजरं करंगळीएवढी आहेत. कोबी छान धरला होता, पण रानातली एक थोरली एल्क हरिणी कुंपण ओलांडून आली आणि पोटभर जेवून गेली. शेजारची इंगेर म्हणते, पुढच्या वर्षी तिलाच विचारून लाव. आंबट देठांचा रुबार्ब तेवढा माजलाय. त्याला ना ऊन लागतं ना माया.

तोर्लाइफ बरा आहे. किनाऱ्यावरचं शेवाळ ढकलगाडीतून आणतो, खत म्हणून वाफ्यांवर पसरतो.

बरा आहे, असं मी तुला दर पत्रात लिहिते. बरा नाही गं तो. विसरण्याचा आजार आहे, डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलं. तू भावाबद्दल विचारत राहिलीस आणि मी तुला गाजरांचं सांगत राहिले.

एप्रिलमध्ये नेहमीसारखे बियाण्याचे बटाटे अंड्यांच्या ट्रेमध्ये लावून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले होते. तुमच्या आईपासून चालत आलेलं बियाणं. मोडही छान जाडजूड आले होते. मे संपता संपता मी एकदा बाजारातून परतले, तर टेबल मांडलेलं, मेणबत्ती लावलेली, पातेल्यातून वाफ येतेय. तोर्लाइफने सगळे मोड खुडून बटाटे उकडले होते. सोबत कॉड मासा आणि लोणी. किती महिन्यांनी त्याने स्वतःहून काही केलं होतं. चेहरा नुसता खुलला होता. म्हणाला, "बस लवकर, गार होतील."

काय करणार होते मी? बसले, जेवले. आणि खरं सांगू, चव अगदी तुमच्या आईच्या हातची होती. खिडकीत एकही उरला नव्हता.

मग दुकानातलं बियाणं आणून लावलं आणि हे आईचंच, असं त्याला सांगितलं. तेव्हापासून तो रोज एखादं रोप उपटून बघतो आणि पुन्हा पुरतो. मी बघून न बघितल्यासारखं करते.

काल पहिले बटाटे काढले. त्याने एक घास खाल्ला आणि काटा खाली ठेवला.

"हे आपले नाहीत."

मी त्याच्या ताटात आणखी थोडं लोणी वाढलं.

"आईचे कुठे गेले, आसलौग?"

माझं नाव त्याच्या तोंडून कित्येक दिवसांनी ऐकलं. तोंडातून निघून गेलं, "बोर्गहिल्डकडे आहेत."

त्याने काटा पुन्हा उचलला. "मग बरं," म्हणाला, "ती जपेल." आणि उरलेलं ताट मुकाट्याने संपवलं.

तू अर्धी पिशवी बियाणं दक्षिणेला नेलंस तेव्हा याच माणसाने केवढा तमाशा केला होता. आईचे बटाटे तिकडच्या उन्हात नासतील म्हणाला, तेव्हापासून तुमचं बोलणं बंद. तो राग आता त्याच्या लक्षातही नाही. या मेल्या आजाराने एवढं एक काम चांगलं केलं.

तेव्हा वन्सं, मानपान बाजूला ठेव आणि बटाटे काढायला ये. लहानपणी शाळेला त्यासाठीच सुट्टी असायची, तुम्ही दोघं एकाच ओळीत बसून काढायचात. तो तुला कदाचित आई म्हणून हाक मारेल. ओ दे.

येताना पिशवीभर बटाटे आण. आहेत ना गं अजून तुझ्याकडे? तू कधी लिहिलं नाहीस आणि मी विचारलं नाही. नसतील, तरी ये. पण ते मला सांग, त्याला नको.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी वहिनी
आसलौग