नजर चुकवणारं नाव

लातूर,
५ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस,
शिवांगीचा कृ. सा. न. वि. वि.

मेडिकलच्या क्लासच्या हॉस्टेलात मोबाईल जमा करून घेतात, म्हणून पत्र. अंजूवहिनीनं तुला वाचून दाखवावं आणि आईला एवढ्यात सांगू नये.

आजी, मला इथं राहवत नाही. फिजिक्सचे उमाशंकर सर उत्तर चुकलं की इंग्रजीत नावं ठेवतात. आधी मी डंडरहेड झाले, मग निटविट, काल निनकंपूप. सगळ्यांचा अर्थ एकच, बिनडोक. मेसमध्ये ताट घेऊन उभी राहिले की मागून कुणीतरी तेच म्हणतं. पाठ केलेलंही आता आठवेना. बारशाला आत्या म्हणून मी येणारच आहे. ट्रंक घेऊनच येईन आणि परत जाणार नाही. दादाच्या बाळाचं वजन वाढलं का?

तुझ्या मायेची वाट बघणारी,
शिवांगी


हदगाव,
१० नोव्हेंबर

चि. शिवांगीस आजीचे अ. उ. आ.

बोलून राहिले मी, लिहून राहिली तुझी वहिनी, मांडीवर बाळ घेऊन. अक्षर हललं तर माझ्या नावावर घालू नको.

तो निनकंपूप मी अंजूला पुन्हा पुन्हा म्हणायला लावला. दुपारी कापसाच्या ढिगाला टेकले अन् डोळा लागला, तर तो सपनात आला. पांढरा, गुबगुबीत, कापसातून उड्या मारून राहिला होता. चेहरा काही वाईट नव्हता त्याचा. आपल्याकडं बिनडोकाला बिनडोक म्हणतात अन् मोकळे होतात. तुझ्या सराला हौस लई.

आता माझं काम ऐक. बाळ काचेच्या पेटीतून घरी आलं, पण पोरगी मूठभरच हाय. मागच्या साली गेलेल्या लेकराचं नाव आपण लई नटवून ठेवलं होतं. तसं झाल्यावर पुढच्याला वाईट नाव ठेवायची आपली रीत, म्हंजे नजर थांबत न्हाई. तुझा आजा असाच उकिरड्यावर ठेवून उचललेला, कचरू. चांगला म्हातारा होऊन गेला. मी म्हणलं, हिला धोंडाबाई म्हणू. तर अंजूनं पेन खाली ठेवला अन् डोळे पुसले. तिला ते नाव नको, अन् मला त्याबिगर झोप न्हाई.

नाव ठेवायचा मान आत्याचा. तुझ्यापाशी असले शब्द फुकट येऊन पडून राहिले, त्यातला एक आण. अर्थ मात्र त्या सरालाच विचारून घे. ट्रंकेचं तुझं तू ठरव.

तुझ्यावरची माया हाय तेवढीच हाय, वाढवायला जागा न्हाई.
आजी, साखराबाई


लातूर,
१६ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुझा रागच आला. मला रडू येतंय अन् तुला बारशाचं पडलंय. तरी तास संपल्यावर सरांकडे गेले आणि बिनडोकासाठी त्यांच्याकडचा सगळ्यात वाईट शब्द मागितला. कुणासाठी, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, मागचं बाळ, काचेची पेटी, कचरूआजोबा. वर्ग अजून बाकांवरच होता, ऐकत होता, कुणी हसलं नाही.

मग सरांनी फळा पुसला आणि ते लिहायला लागले. ब्लॉकहेड म्हणजे लाकडी ठोकळ्याचं डोकं. नंबस्कल म्हणजे बधिर कवटी. मागच्या बाकावरून कुणी निनी सुचवलं, कुणी नूडल, अर्थ तोच, बिनडोक. मला चिडवणारी पोरंच बाळासाठी शब्द शोधत होती. बाहेर अंधारून आलं तरी कुणी उठेना.

शेवटी सर म्हणाले, “निनकंपूप घे. हा शब्द कुठून आला ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. नजर माग काढत निघाली तरी मधेच हरवेल.”

त्यांनीही बाळाचं वजन विचारलं. ट्रंक भरून ठेवली आहे. बाकी काही कळत नाही.

तुझी,
शिवांगी


हदगाव,
२ डिसेंबर

चि. शिवांगीस अ. उ. आ.

तू लातूरला परत पोचल्याचं कळलं. बारशाला तू ट्रंकेसकट आलेली मी दारातच पाहिली होती. पाळण्यात वाकून कानात कुर्र केलंस, नाव सांगितलंस, बायांनी अर्थ विचारला तर धडधडीत बिनडोक म्हणालीस. म्हाताऱ्या बायांनी माना डोलावल्या. कागदावर अंजूच्या आवडीचं मंजुश्री राहू दे, माझं काही म्हणणं न्हाई.

दुसऱ्या दिवशी ट्रंक उचलून तू स्टँडकडं निघाली, तवा मी विचारलं, आता कसं. तू म्हणालीस, “ते नाव आता बाळाचं हाय, आजी. कुणी मला म्हणलं तर मी मागं वळून बघणार न्हाई.” ते मी कापसात बसले की आठवून राहते.

शेजारणी बघायला येतात, नाव विचारतात. म्हणता म्हणता त्यांची जीभ अडखळते अन् नजर लावायचं राहून जातं. पोरगी घरी आल्यापासून अंजूनं तिला कशानंच हाक मारली नव्हती, भ्यायली होती. आज सकाळी उन्हात तेल लावताना हळूच निनकंपूप म्हणाली. हे लिहू का, म्हणून आता विचारून राहिली. मी म्हणलं, लिही.

तू डॉक्टर होशील तवर ती शाळेत जाईल. नावाचा अर्थ विचारील. तो आम्ही कुणी सांगणार न्हाई, आत्यानंच येऊन सांगायचा. मन लावून शिक.

सराला माझा नमस्कार. लोभ त्यांनीबी ठेवावा, शब्द पुरे झाले.
आजी