बुसैतीनमध्ये रोवन

१२ डिसेंबर
पाकीट आलं! ईशाच्या एडिंबरातल्या घरापुढे रोवनचं झाड आहे, लाल मण्यांचे घोस लागतात ते. त्याच्या बिया. एकोणीस निघाल्या. लेकीचं फोनवर एकच: "बाबा, इट्स अ कोल्ड कंट्री ट्री. बहरीनमध्ये मरेल." अगं, आधी उगवू तर दे! तीन वर्षं ती आली नाही. तिच्या दारातलं झाड तरी आमच्या दारात येऊ दे.
बियांना आधी तीन-चार महिने थंडी लागते म्हणे. बहरीनमधल्या आमच्या बुसैतीन गावात थंडी एकाच ठिकाणी. ओली वाळू, श्रीखंडाचा रिकामा डबा, फ्रिजचा खालचा कप्पा.

१८ जानेवारी
मंजूने तोच डबा पाहुण्यांपुढे काढला. पुरीबरोबर वाळू! थोडक्यात वाचले बिचारे. "अहो, डब्यावर दोन अक्षरं लिहिली असती तर हात झिजले असते का?" लिहिली. मोठ्ठी. बिया सतराच सापडल्या.

२ फेब्रु.
काही नाही. रोज बघतो. मंजूच्या मते मी असाच उघडझाप करत राहिलो तर फ्रिजलाच ताप येईल.

२१ मार्च
आला!!! अस्करच्या प्लांटवर ड्यूटीला निघताना सहज डबा उघडला. पांढरा कोंब. एक. नाही, तीन! शिफ्टला उशीर. प्लांटवर सगळ्यांना फोटो दाखवले. अली म्हणाला, "माशाल्ला, साब, मिठाई किधर?" उद्या नेतो.

९ एप्रिल
तिन्ही कुंडीत, अंगणातल्या भिंतीच्या सावलीला. पानांच्या कडा कातरल्यासारख्या. ईशाला व्हिडिओ. लगेच तिचा फोन. आणि चक्क मराठीत, "बाबा, खरंच आलं?" मंजू उठून आत गेली आणि घासलेली कढई परत घासत बसली.

२८ मे
दोन खलास. एका दुपारच्या गरम वाऱ्यात. आत घ्यायचा आळस माझाच. फार वाईट वाटलं, जेवण गेलं नाही. तिसरं आता बेडरूममध्ये, एसी अठरावर. मंजू दोन गोधड्या घेते. कुरकुर चालू, पण कुंडी बाहेर काढा म्हणत नाही.

१९ जून
ईशा येतेय! दहा दिवस! जुलैत बहरीनला कोण येतं? "आय वॉन्ट टु सी इट, बाबा. इट्स माय ट्री." तिकीटसुद्धा काढलं. मी भर ऑफिसात ओरडलो. तिची खोली साफ करायची, गादी उन्हात टाकायची, आंबे… मनामाच्या बाजारात जायला हवं.

३ जुलै
खालची पानं तपकिरी होऊन गळाली. वर दोनच उरलीत, त्यातलं एक वाळतंय. एसी कमी की पाणी जास्त, कळत नाही. परवा तिची फ्लाइट.
मंजू: "अहो, सांगा तिला." सांगितलं आणि तिने येणंच रद्द केलं तर? मला ती यायला हवी आहे, झाड असो नसो.
दुपारी फोन आलाच. "हाऊ इज माय ट्री?"
"मजेत," म्हटलं.
मंजूने माझ्याकडे रोखून पाहिलं, फोन हातातून घेतला. आता सांगणार, असं वाटलं. "लवकर ये गं," म्हणाली आणि ठेवून दिला.