ऊब कळली तर सांग

प्रिय आई,

हातातलं काम ठेव आणि आधी बस. माझ्या पायांची जळजळ खरी निघाली! मशीनवर खरी, डॉक्टरीणबाईंच्या तोंडून खरी. दादाला मोठ्यांदा वाचून दाखव, नाटककंपनी म्हणायचा ना मला!

शॉक देऊन केलेली ती नसांची तपासणी नॉर्मल आली, तेव्हापासून तूही गप्पच झालीस. दादाच्या बडबडीपेक्षा ते जास्त झोंबलं, पण जाऊ दे. ती तपासणी जाड नसांची असते म्हणे. ऊब, गारवा, चटका पोचवणाऱ्या बारीक नसा तिला दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी खोली, एकदम शांत. तिथल्या ताईंनी काड्यापेटीएवढा चपटा ठोकळा बांधला, हातात बटण दिलं. टिंग वाजलं की लक्ष द्यायचं, ऊब कळली तर दाबायचं. आधी तळहातावर केलं. पटापट दाबलं, काय हुशार मुलगी! मग पाऊल. मी वाट बघतेय, बघतेय… म्हटलं, ताई, सुरू केलंय ना? अगं, ठोकळा केव्हाचा तापत होता! चांगला तापल्यावर कुठे कळलं, आणि दर वेळी तेवढ्यालाच. दुखावलेल्या नसा अशाच असतात म्हणे: असलेलं सांगत नाहीत, नसलेलं दिवसभर ओरडत बसतात.

पण खरी गंमत पुढेच. मधूनमधून त्या नुसतंच टिंग वाजवत होत्या, ठोकळा गारच! उगाच दाबणारे तिथे सापडतात. मी एकदाही दाबलं नाही, आई! म्हणजे सोंग नाही, डोक्यातलं खूळ नाही. आता कातडीचा कणभर तुकडा तपासून पक्कं करतील, मग कारण शोधतील. मला तर डॉक्टरीणबाईंना मिठीच मारावीशी वाटली.

निघताना त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं? मी तोऱ्यात नाही म्हणून मोकळी झाले. बसमध्ये बसले आणि तू डोळ्यांसमोर आलीस. कपड्यांच्या घड्या घालताना दोन्ही तळपाय गार फरशीला टेकवून बसलेली, जागा तापली की हळूच पुढे सरकणारी. आम्ही म्हणायचो, आईला खुर्ची मानवतच नाही. तुझेही जळतात ना गं? कधीपासून? फोनवर विचारलं असतं, तर माझं काय घेऊन बसलीस म्हणत ठेवून दिला असतास, म्हणून हे पत्र. गुरुवारची तुझी वेळ घेतलीय. ये. तिथे तोंडाने काहीच कबूल करावं लागत नाही, म्हणून म्हणते, तुला जमेल.

तुझीच,
नाटककंपनी