इस्की, किसकी

अप्पा, तुमी गेलाव तवा मी दुसरीत होते, आता सतराची हाय. नववीत शाळा सोडली, घरीच ब्लाउज शिवते. लिवायची सवय मोडलीय, चुकलं तर समजून घ्या.

गोष्ट तुमच्या लाकडी फळ्यांची हाय. फौजेतनं शेवटच्या सुट्टीवर येताना बसच्या टपावर बांधून आणलेल्या. माणसाहून लांब, टोकाला वर वाकलेल्या, बुडाला मधोमध बारीक खाच, कडंला इस्क्रूनं बसवलेली लोखंडी पट्टी, बुटाची टाच आवळायला तारेची स्प्रिंग. कमलनगरच्या स्टँडवर लोक गोळा झालते. पंक्चरवाल्या चाचानं इचारलं, "ये क्या है जी?" तुमी म्हणलाव, "स्की." चाचा म्हणले, "इसकी? अजी, किसकी?" समदे हसले. तवापासनं फळ्यांचं नाव इस्कीच पडलं, आन् चाचा दारातनं जाताना रोज इचारायचे, "किसकी?"

बर्फावरनं घसरायच्या फळ्या म्हणलाव, पण बर्फ म्हंजी काय ते मला कळंना, तर तुमी मला खळ्यावर जवसाच्या राशीत उभं केलाव. पाय सर्रकन घसरला आन् रुतला बी. मग राशीवर फळी टाकलाव. तिच्यावर उभारले तर रुतले न्हाई, निस्ती घसरतच गेले. "हेच बर्फ," म्हणलाव, "फकस्त लई गार." सांडलेलं जवस गोळा करत आई म्हणायलीय, फौज रानात कामून आणलाव म्हणून, आन् तुमी हसायलाव.

मग रेसचं सांगायचाव. उतारावर लाल-निळ्या झेंड्या, छातीवर कापडाचा नंबर, खाली घड्याळ धरून उभारलेला उस्ताद. रेसच्या आदल्या दिशी समदे इस्त्रीनं फळ्यांना मेण लावायलेत. गार बर्फाला हिरवं, ओल्या बर्फाला लाल. पण आपला रंग कुणी कुणाला दाखवत न्हाई, पाठ करून बसतेत. आन् रेस झाली की शेवटी येणाऱ्याला पयला चहा. मला त्येचंच लई नवल वाटायचं.

गेल्या आठवड्यात शाळेतल्या नव्या बाई ब्लाउजचं माप द्यायला आल्या. त्येंना माळ्यावर फळ्या दिसल्या. सव्वीस जानेवारीला शाळेत मांडू म्हणल्या, पुठ्ठ्यावर चार ओळी तू लिवून दे. कुणाच्या, कसली रेस, कितवा नंबर. मी व्हय म्हणले. मग त्या म्हणल्या, "आन् वाचायच्या बी तूच." मी घेतलेलं माप परत घ्यायले. शाळेत असताना वाचायला उभारले की माझ्या तोंडातनं शब्द निघत नव्हता, ते बाईंना कुठं ठावं.

तरी फळ्या खाली काढले. तुमच्यासारखंच करावं म्हणून कपड्याची इस्त्री गरम करून बुडावरनं फिरवले. जुनं मेण पाघळलं, फडक्यानं पुसलं, तर टाचंपाशी खिळ्यानं कोरलेलं नाव. हिंदीवाल्या माणसाचं. तुमचं न्हाई. दुसऱ्या फळीवर बी तेच.

आईला इचारले. ती म्हणली, "मला काय ठावं? तुझ्या अप्पानं कवा सरळ उत्तर दिलंय?"

मग बसून आठवायले. चाचानं "किसकी" म्हणलं की तुमी काय म्हणायचाव? "चाय पिओ चाचा." रोज तेच. एकदा बी "मेरी" म्हणलाव न्हाई. झेंड्या, मेण, उस्ताद समदं सांगितलाव, पण तुमी कितवे आलाव हे कवाच न्हाई. तो माणूस कोण होता अप्पा? त्येनं आठवण म्हणून दिल्या का? का त्यो घसरायचा आन् तुमी खाली त्येचा कोट धरून उभारायचाव? का तुमीच शेवटी येऊन पयला चहा पिलाव? रागानं न्हाई, खरंच इचारायले. चहा पिला असाल तर मला उलट बरंच वाटंल.

पुठ्ठ्यावर मी त्या माणसाचं नाव लिवले. खाली लिवले, माझ्या अप्पांनी बसच्या टपावर आणल्या. नंबराची जागा कोरीच सोडले. वाचत तिथं आल्यावर काय म्हणायचं ते अजून ठरंना, कारण ऐकायला माझ्या वर्गातल्या पोरींच्या धाकट्या बहिणी बसणार हायत, आन् त्या घरनं ऐकून आलेल्या असतेत. हा कागद घडी करून तारेच्या स्प्रिंगमधी अडकवून ठेवायले, टाच जिथं बसती तिथं.

तुमी गेल्यावर, तिसरीत, माझ्याजवळ कुणी बसंना. तवा मीच पोरींना सांगितले, माझे अप्पा रेसमधी पयले आलते म्हणून.