मामांचा तळहात, बारा प्लेटा

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ८ वाजून ५० मिनिटं.

पेन्सिलीला टोक काढत होतो. शेडमध्ये मी एकटाच. इंजिन शुक्रवारपासून बंद, हात लावला तर गारढोण. आणि मीटरचा आकडा हलला!

पहिली प्लेट. मग दुसरी. मग तिसरी. ओळीने बारापर्यंत. पाचवीवर दोनदा.

पाचवीवर दोनदा हात कोण ठेवतं ते मला माहीत आहे. तो माणूस आठ दिवस हॉस्पिटलात बेशुद्ध पडून आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज पुन्हा. ८.५०. सगळं नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

विमानाचं इंजिन चालतं तेव्हा बरीच उष्णता मागच्या पाइपातून फुकट जाते. ती पकडून वीज करायची, हे आमचं काम. पाइपाभोवती बारा प्लेटा आहेत, मीटरवर प्रत्येकीचा आकडा वेगळा. आतली बाजू गरम, बाहेरची गार — त्या फरकातून वीज. आतून ऊब असली की मीटर अधिक दाखवतो, बाहेरून असली की वजा.

मामा इथले फिटर. त्यांनीच मला इथे चिकटवलं. "दहावी नापास आहे, पण आकडा चुकवत नाही," असं इंजिनिअर मॅडमना सांगून. रोज इंजिन सुरू करण्याआधी मामा एकेका प्लेटीवर बाहेरून तळहात ठेवत आणि मी मीटर बघून ओरडत असे — "वजा!" म्हणजे तार शाबूत. पाचवीची तार नाठाळ, म्हणून तिला दोनदा. एकदा मी गंमत म्हणून थंड पाण्याची बाटली टेकवली. मीटर अधिक! मामा खो खो हसले. "बाटलीत जीव कुठला, शहाण्या? जिवंत माणूस वजाच दाखवणार!"

आज बाराही वजा. ३८ मिलिव्होल्ट. मामांच्या हाताला नेहमी ४० येत.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मॅडमना दाखवलं. म्हणाल्या, "खिडकीच्या झडपेतून ऊन येतंय. एकेक प्लेट तापते, दुसरं काय!" झडप बंद केली, वर पुठ्ठा लावला. दोघं उभे राहिलो.

८.५०. वजा ३७. पाचवीवर दोनदा.

मॅडम बराच वेळ चष्मा पुसत होत्या. जाताना एवढंच — "हे रजिस्टरात लिहू नकोस."

म्हणून इथे लिहितो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वजा ३१.

संध्याकाळी हॉस्पिटलात गेलो. मामी म्हणाली, "रोज सकाळी नऊच्या आधी ह्यांचा उजवा हात गार पडतो रे. चोळत बसते, तेव्हा कुठे ऊब येते." नक्की किती वाजता, विचारलं. "घड्याळ बघू की हात चोळू?"

चोळत राहा, एवढंच म्हणालो.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वजा २६. उतरत चालले आहेत मामा.

शेडमध्ये ११ अंश. गार धातूला रोज हात लावून माणूस थकणार नाही तर काय! गोडाऊनमधला हीटर आणून प्लेटांसमोर ठेवला. रात्रंदिवस चालू ठेवणार. मामांना तेवढाच आराम.

शनिवार, ८ फेब्रुवारी

वजा १२!!

रविवार, ९ फेब्रुवारी

सुट्टी, तरी गेलो. वजा ४. हीटर आणखी जवळ सरकवला.

सोमवार, १० फेब्रुवारी

वजा २. मॅडमना हीटर दिसला. "हे कुणाचं डोकं?" सगळं सांगून टाकलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या कपाळाला हात लावून हसल्या. "अरे वेड्या, प्लेटाच आतबाहेर तापवल्यास तर हाताशी फरक उरेल कसा? आकडा पडणारच!"

म्हणजे मामा ठीक आहेत! चूक माझीच! रोज तोच फरक लिहितो आणि तेवढंच सुचलं नाही!

हीटर बंद करून गोडाऊनमध्ये नेऊन ठेवला. मामीला फोन केला. "आज पापणी हलली," म्हणाली. मला रडूच कोसळलं. मॅडम पाठमोऱ्या झाल्या.

फक्त, गुरुवारी-शुक्रवारी हीटर नव्हता, तरी आकडा का पडला — हे विचारायचं राहिलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळी ८ वाजून ५० मिनिटं.

हीटर नाही. शेडमध्ये ११ अंश. बाराही प्लेटा ओळीने. पाचवीवर दोनदा. आकडा ४०. पुरा चाळीस!

तीनदा बघितलं. चिन्ह अधिक आहे.

ऑफिसातला फोन वाजतोय.